चिठ्ठी लावलेला सिनेमा

माझे बाबा पेणजवळ जोह्याला गणपती घडवतात. त्यांच्या कारखान्यात कायदा एकच. गिऱ्हाइकाने घरचा पाट आणून दिला, त्यावर नावाची चिठ्ठी लागली, की त्या पाटावरची मूर्ती त्याची. मग तो चतुर्थीच्या सकाळी का येईना, आणि मध्ये कुणी कितीही मोठा माणूस हट्टाला पेटला तरी मूर्ती हलत नाही.

म्हणून मी रोह्याहून येऊन त्यांच्या टीव्हीवर ऑनलाइन सिनेमा घेतला, तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “भाड्यानं नाय ना, बाय?”

मी त्यांना ‘विकत घ्या’ हे बटण दाखवलं. बाबांनी टीव्ही उचलून आमच्या घरच्या पाटावर ठेवला आणि पाटाला स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मी पोट धरून हसले. खरं तर ती कंपनीच्या दारावर चिकटवायला हवी होती.

त्या सिनेमात माझी आई आहे. खाडीकडच्या मिठागरावर शूटिंग झालं, तेव्हा मिठाची पाटी डोक्यावर घेऊन हिरोच्या मागून चालायचं काम तिला मिळालं होतं. कॅमेऱ्याकडे बघू नका, असं सगळ्यांना बजावलं होतं. आईने चक्क थांबून बघितलं. ती गेल्यावर आमच्या ध्यानात आलं, की फोटो पुष्कळ आहेत, पण चालती आई एवढीच.

बाबा रोज हात धुऊन तेवढंच बघायचे आणि टीव्ही बंद करायचे. हिरो पुढे जगला की मेला, हे त्यांना आजही माहीत नाही.

श्रावणात, रंगकामाच्या ऐन धांदलीत त्यांचा फोन आला. “आपला सिनेमा कुनी नेला गो?”

मी पहिली गाडी पकडून गेले. सिनेमा खरंच नव्हता. चिठ्ठी जागेवर होती. बाबांनी चारदा तपासली होती. माझं डोकं सणकलं. मी कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला.

“सर, आपण सिनेमा नाही, तो बघण्याचा परवाना घेतला होता,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “आमचे हक्क संपले.”

बाबांनी तिला कारखान्याचा कायदा पाटासकट समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाटाचा मॉडेल नंबर सांगता का, सर?”

बाबांनी मला टीव्ही धरायला लावून पाट उलटा करून पाहिला. “नंबर नाय. सागवानी हाय.”

“गैरसोयीबद्दल माफी, सर. त्याऐवजी दुसरा कोणताही सिनेमा फुकट घ्या.”

बाबांनी पाट सुलटा केला. “दुसऱ्यात ती हाय का?”

“कोण, सर?”

बाबांनी आईचं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

“या नावाची अभिनेत्री आमच्याकडे नाही, सर.”

“आता आमच्याकडंपन नाय,” बाबा म्हणाले.