भोंगाबाईंची दुसरी फेरी

आमच्या भागाच्या आरोग्य अधिकारी बाईंना लोक भोंगाबाई म्हणत. साथ आली तेव्हापासून त्यांची गाडी मीच चालवायचो. टपावर भोंगा, शेजारी बाई, हातात माइक. हात कसे धुवायचे, अंतर किती ठेवायचं हे त्या इतकं ठासून सांगत, की मी झोपेतसुद्धा तेच बडबडतो, असं बायको म्हणायची.

पहिल्या महिन्यात बाईंनी एकतीस चौकांत सांगितलं होतं, "निरोगी माणसाला मास्कची गरज नाही." मग वरून नवा आदेश आला, मास्क सगळ्यांनी लावायचा. माझे बाबा किल्ल्या बनवतात. छाती आधीच अधू, दुकानात दिवसभर माणसांची ये-जा, आणि मास्कचं नाव काढलं की एकच पालुपद, "तुझ्या बाईच भोंग्यावर नको म्हणाल्या. आता चुकलं म्हणून भोंग्यावरच सांगू देत." आईने शिवलेला मास्क दुकानात खिळ्याला लटकत होता. बाबांना काही झालं तर, या विचाराने माझं जेवणात लक्ष लागत नव्हतं.

शेवटी धीर करून बाईंना सांगितलं. वाटलं, झापतील. त्यांनी डायरीतून जुनं वाक्य शोधलं आणि वरच्या साहेबांना स्पीकरवर फोन लावला.

"नवं तेवढं सांगा," साहेब म्हणाले. "जुनं कशाला उकरताय?"

"लोक विसरलेले नाहीत, साहेब."

मग तेच एकतीस चौक, त्याच क्रमाने. आधी जुनं वाक्य जसंच्या तसं. मग, "हे मीच सांगितलं होतं. ते चुकलं. आता मास्क लावा." एका खिडकीतून टोमणा आला, "उद्या परत बदला!"

"बदलावं लागलं तर मीच सांगायला येईन," बाई म्हणाल्या. मानलं बुवा!

शेवटचा चौक बाबांच्या दुकानाचा. तिथे पोहोचेपर्यंत बाईंचा आवाज पार बसला होता. मी माइक हातात घेतला, तर बाबा आतून ओरडले, "तू नको. त्यांना बोलू दे."

बाई माइक न घेताच खाली उतरल्या. चार हात लांब उभ्या राहून, घोगऱ्या आवाजात सगळं बोलल्या, एक शब्दही न गाळता. पलीकडच्या दुकानापर्यंतसुद्धा ते पोहोचलं नाही.

बाबांनी खिळ्यावरचा मास्क काढून तोंडाला बांधला. मग हातोडी घेतली आणि शटर असं बडवलं की अख्खी गल्ली बाहेर आली.

"बाई म्हणतायत त्यांचं चुकलं," बाबा म्हणाले. "माझंही चुकलं. लावा मास्क!"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडलो. चाळीस वर्षांत बाबांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.