मालनबाईंची अट

मालनबाईंशी बोलायचं तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. त्यांना विद्यापीठाच्या फाटकावर घ्यायला गेले, तर मी गाडीचं दार उघडून उभी आणि बाई काखोटीला पिशवी मारून निघाल्यासुद्धा! रस्ता ठाऊक नव्हता, तरी. मी मागून पळतेय.

"आवं मॅडम, चला की! कराडपासनं एस्टीत बसूनच आले, आता परत कशाला बसवताय?"

पन्नाशी ओलांडलेली काटक बाई. साधं पाचवारी, घट्ट अंबाडा. मूळच्या माण तालुक्यातल्या, पण उभा जन्म संगीतबारीच्या थिएटरात, पाहुण्यांच्या फर्माइशीवर लावणी नाचण्यात गेलेला. आमच्या नृत्य विभागानं त्यांना आठवडाभर लावणी शिकवायला बोलावलं होतं. मी तिथं कथक शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. त्यामुळे पाहुण्यांची उस्तवार नेहमी माझ्याच गळ्यात पडते.

विभागाच्या पायऱ्यांपाशी बाई एकदम थांबल्या. "फोनवर बोललेलं ध्यानात हाय न्हवं? मी शिकवायला आले. शिकवताना काय पाऊल टाकायचं ते टाकीन. पण कुणी पावणा समोर बसवून 'बाई, होऊन जाऊ द्या एक' म्हणायचं न्हाई. म्हणलं की मी निघाले."

"कुणी नाही म्हणणार बाई, शब्द देते," मी म्हणाले. विद्यापीठात असलं कोण कशाला बोलेल, असं मला खरंच वाटत होतं.

पहिल्याच दिवशी आमच्या पोरींनी घोटाळा केला. त्यांची लावणी म्हणजे युवा महोत्सवातली आणि मोबाइलवरची. सगळ्या जणी नऊवारी नेसून, खोट्या नथा चढवून, ओठ रंगवून रांगेत उभ्या. बाई त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"लगीन कुणाचं हाय?"

एकीनं हळूच नथ काढली.

"तोंडं धुऊन या. आन रोजची कापडं घाला. तालमीला कोण नटतं गं?"

पोरी हिरमुसल्या. त्यातून तो अख्खा दिवस बाईंनी नुसतं चालवलं. ना ढोलकी, ना घुंगरू. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं आणि परत यायचं. वडूजची सोनाली, महोत्सवात बक्षीस मिळवलेली, शेवटी वैतागून म्हणाली, "बाई, लावणी कवा सुरू करायची?"

"सुरूच हाय की! तू चालतीस कशी ते बघ आधी. खालमानेनं. रस्त्यात काय पडलंय तुझं?"

दुसऱ्या दिवसापासून नजर. बाईंच्या लावणीत पाय सगळ्यात शेवटी यायचे. "आधी नजर, मग मान, मग खांदा. पाय काय, येतील मागनं." समोरच्या माणसाकडे पोरी नुसत्या बघत राहायच्या, त्यावर बाईंचं एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता माझ्या कथकच्या वर्गातही तेच तोंडात येतं: "नजर टाकायची आन परत घ्यायची. टाकून तिथंच सोडली तर ती तुझी राहत न्हाई." एक पोरगी मोबाइलवर शूटिंग करायला लागली तेव्हा म्हणाल्या, "ठेव त्यो. त्याला शिकून काय करायचंय?"

शिकवत असल्या की बाईंचं कशाकडे लक्ष नसे. वर्ग सुटला की मात्र त्यांना काही सुचेनासं व्हायचं. अतिथिगृहातली खोली बदलून मागितली, कारण काय, तर लय शांत हाय. रस्त्याकडची दिली तर तिथंही चैन नाही. व्हरांड्यात फेऱ्या चालू, आणि मी दिसले की तोच प्रश्न, "मॅडम, समारोपाला कोण येणार हाय?"

"अजून ठरलं नाही बाई."

"ठरलं की सांगा. आधी सांगा."

समारोपाच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. आमच्या सभागृहाला घसघशीत मदत केलेले एक साहेब प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. सर खुशीत म्हणाले, "बाईंची एक लावणी ठेवलीय शेवटी. साहेबांना सांगून झालंय."

"सर, त्यांची अट आहे. मी शब्द दिलाय."

"देताना मला विचारलं होतं? अहो, पाच मिनिटांचा प्रश्न. नाचणाऱ्या बाईला नाचायला सांगितलं तर त्यात अपमान कसला?"

मी वाद घातला, आवाजही चढवला. सर म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या तासिकांचं बघायचंय ना आपल्याला?" अस्सा संताप आला! पण काय करणार? बाहेर येऊन मी तडक बाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, निघायचं असेल तर आत्ता निघा, स्टँडवर मी सोडते.

बाई चालतच होत्या. तालमीच्या खोलीवरून पुढे गेल्या, परत फिरल्या. आत सोनाली पोरींना पुन्हापुन्हा तोच तुकडा करायला लावत होती. घामानं निथळत होत्या सगळ्या.

"मी गेले तर ह्यांचं काय?" बाई म्हणाल्या. "उद्या पयल्यांदा लोकांफुडं हुबं राहणार हायत पोरी." आणि पुन्हा चालायला लागत, "बघू."

मला रात्रभर डोळा लागला नाही.

समारोपाला सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत सोफा, सोफ्यावर साहेब, शेजारी सर. पोरी पडद्याआड तयार. साहेबांनी भाषण आटोपतं घेतलं आणि माइक न सोडता म्हणाले, "मुलींचं तर बघूच आपण. पण एवढ्या मोठ्या कलावंत आल्यात. मालनबाई, होऊन जाऊ द्या एक!"

टाळ्या पडल्या. साहेब सोफ्यावर येऊन बसले. मागून कुणीतरी शिट्टी घातली.

मी माइकपाशी गेले. "बाई इथं गुरू म्हणून आल्या आहेत, तेव्हा..." सर माझ्याकडे असे बघत होते की गिळतील. तेवढ्यात बाई विंगेतून आल्या.

"द्या इकडं मॅडम." त्यांनी साहेबांना नमस्कार केला. "साहेब, तुमी फर्माईश केली, तुमचा मान हाय. पण ह्यो वर्ग हाय. वर्गात फर्माईश मास्तरणीची चालती. तवा आज ती मी करते." मग पडद्याकडे वळून, "सोनाली, नजरंपासनं धर!"

आणि पायऱ्या उतरून बाई सरळ सोफ्यावर, साहेब आणि सर यांच्या मधे जाऊन बसल्या. सरांना सरकावंच लागलं.

पोरी नाचल्या. चुकल्याही. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला की बाई म्हणायच्या, "साहेब, मान बघा तिची, मान!" साहेब निमूट बघायचे. मधेच बाई ताडकन उठून ओरडल्या, "नजर परत घे गं!" सगळं सभागृह हसलं. सोनालीनं नजर परत घेतली आणि असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! साहेबांनाही हसावंच लागलं. बाईंच्या खांद्यावर त्यांनी स्वतः शाल घातली.

स्टँडकडे जाताना मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या. "बाई, कसं गप्प बसवलंत त्यांना!"

बाई हसल्या नाहीत. "कुणाला गप्प बसवायचंय? भला माणूस हाय त्यो. कैक वर्सं येतोय आमच्या थेटरात."

मी चालता चालता थांबले. "तुम्ही ओळखत होता?"

"न्हाई तर काय! परत यील. म्हणंल, होऊन जाऊ द्या. मी नाचीन, मनापासनं नाचीन. त्यो माझा धंदा हाय मॅडम, त्याची मला लाज न्हाई. तुमाला वाटतीय व्हय?"

"मग अट कशाला घातलीत?"

"पोरींसाठी. त्यांच्यादेखत मी त्याच्या एका शब्दावर हुबी राहिले असते, तर उद्या सोनालीला कुणीबी म्हणंल, होऊन जाऊ द्या. तिला वाटंल, हुबंच राहावं लागतंय. न्हाई म्हणता येतंय, ह्ये तिनं कुठं बघायचं? मला कुणी दावलंच न्हाई."

एस्टी लागलेलीच होती. संध्याकाळी थिएटरात खेळ होता त्यांचा. मी काही बोलायच्या आत बाई चढूनही गेल्या.

पुढच्या महिन्यात सरांनी मला बोलावलं. साहेबांच्या घरी वाढदिवसाची मेजवानी होती, आणि सोनालीची लावणी ठेवावी अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, तिला विचारते. जिन्यात गाठून विचारलं. वाटलं, घाबरेल, कारणं सांगेल, वडिलांवर ढकलेल.

"न्हाई," सोनाली म्हणाली आणि तालमीला गेली.

मी सरांना तसंच कळवलं.