एका बाकाचा वर्ग

आमची ताई अजूनही तशीच आहे. परवा डॉक्टर म्हणाले, "आजी, वाचन कमी करा आता, डोळे थकलेत." ही म्हणते, "डोळे थकलेत, मी नाही." आणि भिंग धरून पुन्हा पेपर उघडला. पेपरही दोन लागतात तिला, एक आपला आणि एक त्यांचा, पलीकडच्या देशाचा. जन्मभर शाळेत इतिहास आणि परकी भाषा शिकवली, तेव्हाही हेच. लोक तिला हुशार म्हणतात. हुशार कसली डोंबलाची! हट्टी आहे, हट्टी. मी तिच्या पाठची, सगळे चटके आधी मला बसलेत. आणि हा हट्ट तिने कुठे कमावला तेही मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

लढाई जुंपली तेव्हा ताई शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. खिडक्यांना काळा कागद लागला, मैदानात खंदक खणला, मधल्या सुट्टीत भोंग्याची तालीम सुरू झाली. शाळेत एक परकी भाषा शिकवायचे, आणि ती नेमकी ज्यांच्याशी लढाई लागली त्यांचीच. तोवर त्या वर्गात बसायला जागा मिळत नसे. आता एकेक जण गळायला लागला. कुणाच्या वडिलांनी नाव काढलं, कुणी स्वतःच मान खाली घालून उठून गेलं. हेडमास्तरांना तर वर्ग बंदच करायचा होता, पण शाळेचाच जुना नियम आडवा आला. वर्षाच्या सुरुवातीला उघडलेला वर्ग, हजेरीला एक जरी विद्यार्थी असला तरी मोडायचा नाही. एक दिवस कुणीच आलं नाही, की मात्र दारावरची पाटी उतरवायची. शेवटी उरली एकटी आमची ताई. तिचा एक दिवस चुकला असता तर वर्ग गेला, परीक्षा गेली, आणि पुढे हीच भाषा शिकवायचं जे मनात धरलं होतं तेही गेलं.

भाषेचे सर इतिहासही शिकवायचे, दोन्ही एकाच तासाला. त्यांची तऱ्हाच वेगळी होती. एखादी लढाई आधी आपल्या पुस्तकातून वाचायची, मग तीच लढाई त्यांच्या पुस्तकातून. आमचा दादाही त्याच बाकावर शिकून गेलेला. त्याने एकदा उभं राहून विचारलं होतं, "सर, दोन्हीकडे जिंकलेलेच आहेत. मग मेले ते कोण?" अख्खा वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "हे पुस्तकात नाही," म्हणाले, "पण विचारत राहा." तो दादा आता आघाडीवर होता.

बाबा शिंपी. लढाईत सणाचे, लग्नाचे कपडे बंद झाले, नुसते लष्करी सदरे. बाहेरच्या खोलीत दिवसभर मशीनची खडखड, जमिनीवर खाकी चिंध्या, आई काजं करत बसलेली. आणि त्यातच एका कोपऱ्यात ताई मोठमोठ्याने धडा घोकायची. मग मशीन थांबायचं.

"तुझा भाऊ तिकडे त्यांच्या गोळ्यांपुढे उभा आहे आणि तू त्यांचीच भाषा घोकतेस? काही लाज?"

"कधीतरी त्यांना 'थांबा' म्हणावंच लागेल ना, बाबा? ते म्हणायला कुणाला तरी यायला हवं."

"तोंड बघा हिचं! शाळेत हेच शिकवतात वाटतं?"

"छे, हे घरचं आहे. तुमच्याकडूनच आलंय."

आई मान वर न करता हसू दाबायची.

मलाही ताईचा राग यायचा, का येऊ नये? तिच्यापायी माझ्याशी कुणी बोलेना. पण एका सकाळी आमच्या दारावर कुणीतरी खडूने 'फितुरांचं घर' लिहून ठेवलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या घरातली मुलगी खिडकीतून फिदीफिदी हसत होती. ओलं फडकं हातात घेऊन मी तिथूनच ओरडले, "माझ्या बहिणीला नावं ठेवायला मी आहे की घरात! तुला कुणी बोलावलं मध्ये?" दार पुसलं, तिची खिडकी बंद झाली, मगच मी आत गेले.

हेडमास्तरांनी वर्ग हलवला तो थेट मोडक्या बाकांच्या खोलीत, जिन्याखाली. त्या वर्गात 'हजर' त्यांच्या भाषेत म्हणायची रीत होती. ताई ते इतक्या मोठ्याने म्हणायची की वरच्या मजल्यावर आमच्या गणिताच्या बाईंचा खडू थांबायचा. एकदा तापाने फणफणली असताना घोंगडी पांघरून गेली. सर घाबरले, "अगं, घरी जा आधी."

"हजेरी घेतलीत?"

"घेतली."

"मग जाते."

परीक्षा तोंडावर आली आणि तार आली. आमचा दादा गेला. काय सांगू? आईच्या हातातलं काज तसंच अर्धं राहिलं. बाबा रडले नाहीत, नुसते एका शिवलेल्या सदऱ्याची घडी करत आणि मोडत बसले. मग ताईकडे न बघता म्हणाले, "त्या भाषेचं नाव यापुढे या घरात काढायचं नाही. उद्या तिथे गेलीस, तर परत येऊ नकोस."

सकाळी ताईने वेणी घातली, डोळ्यांवर पाणी मारलं. डोळे सुजून बारीक झाले होते. आईने डबा तिच्या हातात दिला. मी मागोमाग निघाले.

जिन्याखाली हेडमास्तर उभे, आणि शिपाई स्टुलावर चढून पाटीचे खिळे काढत होता. ताईला पाहून हेडमास्तर चपापले. आवाज मऊ करून म्हणाले, "बाळ, आज घरी राहायचंस. आज कुणी तुला काही म्हटलं नसतं."

"म्हणूनच आले," ताई म्हणाली. "वर्ग तुम्हाला बंद करायचाय, करा. पण माझ्या भावाचं मरण त्यासाठी वापरू नका."

शिपाई स्टुलावरून खाली उतरला. आत सर पुस्तकं पिशवीत भरत होते. ताई बाकावर बसली. "हजेरी घ्या, सर." सरांनी पिशवी खाली ठेवली आणि तिचं नाव घेतलं. ताईने 'हजर' म्हटलं, नेहमीसारखंच, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "माझंही नाव लिहा."

"तुला काय कळणार यातलं?" हेडमास्तर दारातून म्हणाले.

"काही नाही. कळलं असतं तर आले असते कशाला?"

पाटी एका खिळ्यावर लोंबत राहिली ती वर्ष संपेपर्यंत. सर त्या दिवशी वाचू शकले नाहीत. ताईनेच दोन्ही पुस्तकं पुढे ओढली आणि एकेक करून मोठ्याने वाचली.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो. दार उघडंच होतं. बाबा मशीनवर बसलेले, पाय चालत होता पण सुईत दोरा नव्हता. ताई आपल्या कोपऱ्यात बसली, पुस्तक उघडून मनातल्या मनात वाचू लागली.

मग मशीन थांबलं. बाबांनी विचारलं, "त्यांच्यात मुलाला काय म्हणतात गं?"

ताईने सांगितलं. बाबांनी तो शब्द म्हणून पाहिला. जमला नाही, पुन्हा म्हटला. आई हातातला सदरा खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तिकडेही कुणाच्या तरी दारात तार गेली असेल," बाबा म्हणाले. मग सुईत दोरा ओवत म्हणाले, "घोक आता, मोठ्याने. आणि उद्याची हजेरी चुकवू नकोस."