हनुवटीला ऐकू आलं

माझ्या थोरल्या नणंदेला लाव्यांच्या शेडवर सगळे टकटकबाई म्हणतात. मी वन्सं म्हणते. बावीस वर्षं झाली, त्या तिथं लावा पक्ष्यांची अंडी तपासतात. ही अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढायची असतात, तेव्हा कवच पाहायला अंडं फोडून कसं चालेल? कोंबडीच्या अंड्याचा तडा दिव्यासमोर धरलं की दिसतो. लाव्याचं अंडं लिंबाहून लहान, त्यात वर कुणी शाई झटकल्यासारखे ठिपके. त्यांत केसाएवढा तडा हमखास लपतो. म्हणून वन्सं दोन अंडी तळहातावर घेऊन कानाशी नेतात आणि एकमेकांवर हलकेच फिरवतात. धड अंडी टिकटिक वाजतात. एखादं टिचलेलं असलं, की आवाज बद्द येतो. असं अंडं यंत्रात गेलं, तर उबेनं सडतं.

गेल्या महिन्यात यंत्रात एक अंडं सडून फुटलं. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन. सगळ्या खोलीत वास भरला. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “टकटकबाई, सोमवारी माझ्यासमोर पन्नास अंड्यांचा एक ट्रे तपासून दाखवा. जमलं तर ठीक. नाहीतर तुम्ही खाद्याच्या खोलीत बसा, पगार तोच देईन.”

पगार तोच, पण वन्संची अन्नावरची वासना उडाली.

मला घरात आधीच संशय होता. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी वन्सं ओट्याशेजारीच भाजी निवडत बसायच्या.

“वन्सं, कान दाखवून या.”

“माझ्या कानाला काय झालंय? तूच हल्ली पुटपुटतेस.”

“मी पुटपुटते? पलीकडच्या घरातून विचारतात, भांडण कसलं चाललंय म्हणून!”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “उजवा गेलाय गं. डावाही निघालाय त्याच्या मागं.”

शनिवारी त्या दोन डझन अंडी विकत घेऊन घरी आल्या. मी पाठमोरी होऊन सहा अंडी चमच्यानं टिचवली आणि बाकीच्यांत मिसळली. वन्संनी एकेक जोडी कानाशी नेली. सहांपैकी दोन सापडली, वर तीन चांगली बाजूला काढली. रविवारीही तीच गत. मी देवापुढं हात जोडले, पण नेमकं काय मागावं ते कळेना. कान मागावा, की त्यांना खाद्याची खोली गोड लागू दे म्हणावं? शेवटी म्हटलं, तुला बरं दिसेल ते कर.

मी वळून पाहते तो वन्सं दमून टेबलावर कोपर टेकून बसलेल्या. मूठ हनुवटीखाली, मुठीत दोन अंडी, आणि बोटं सवयीनं फिरतच होती. एकदम ताठ झाल्या.

“अगं, हे बद्द आहे!”

“कानाशी न नेताच?”

“हाडातून आलं. थांब, बोलू नकोस.”

मूठ जबड्याच्या हाडाला घट्ट टेकवून त्यांनी पुन्हा सगळी अंडी घेतली. सहाच्या सहा निघाली. संध्याकाळपर्यंत मी टिचवत होते आणि त्या काढत होत्या. जेवायला अंडी होती हे सांगायला नको.

सोमवारी मीही सोबत गेले. मालकीणबाईंनी पन्नासांत बारा टिचलेली ठेवून त्यांच्या जागा कागदावर लिहिल्या होत्या. वन्संनी मूठ हनुवटीला लावली.

“दाढ दुखतेय का?” मालकीणबाईंनी विचारलं.

“नाही. कान खाली आणलाय.”

अर्ध्या तासात तेरा अंडी बाजूला निघाली. मालकीणबाईंनी कागद पाहिला. “बाराही बरोबर. पण हे तेरावं चांगलं होतं, बाई. असं रोज एक गेलं तर पिल्लं कुठून यायची?”

वन्सं शांतपणे म्हणाल्या, “फोडू नका. शेजारच्या एका चांगल्याबरोबर यंत्रात ठेवा आणि रोज वजन करा. तडा असला तर आतलं पाणी उडेल, हे लवकर हलकं होईल.” मग म्हणाल्या, “आणि एक सांगायचं राहिलं. उजवा कान पार गेलाय. ती सडून फुटलेली तीन माझ्याच हातून गेली.”

हे त्या सांगणार आहेत, हे मलाही ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंनी दोन्ही अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करून ती यंत्रात ठेवली.

तीन दिवस वन्सं खाद्याच्या खोलीत बसल्या. गुरुवारी मालकीणबाईंनी बारीक काट्यावर दोन्ही अंडी ठेवून त्यांना हाक मारली. तेराव्यानं शेजारच्याच्या दुप्पट वजन घालवलं होतं.

“तुम्ही पुन्हा तपासणीच्या टेबलाशी या,” त्या म्हणाल्या. मग दोन अंडी उचलून त्यांनी स्वतःच्या हनुवटीला लावली, बराच वेळ फिरवली आणि ठेवून दिली. “मला तर काहीच कळत नाही.”

“बावीस वर्षं लागतात,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा ट्रे ओढला.