एका न उठलेल्या हाताचा रिपोर्ट

तहसीलदारसाहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि चष्मा काढला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

“सारा गाव वफादार, एकच मुखालिफ. ये गोविंदराव कौन है?”

“शेतकरी आहे, साहेब. साधा माणूस.”

“सादे आदमी ने हाथ क्यों नहीं उठाया? परसों तक जवाब लाओ. नहीं तो नाम पुलिस को जाएगा.”

सत्तेचाळीसचा हिवाळा होता. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, पण आमचं हैदराबाद संस्थान निजामाकडेच होतं. कोणतं गाव कुणाकडे झुकलंय, हे वरच्यांना हवं होतं. मी अंबडकडच्या भागात गिर्दावर होतो, म्हणजे वीस-पंचवीस गावांच्या पटवाऱ्यांवरचा माणूस. हुकूम असा की चावडीवर गाव गोळा करायचं, सरकारशी वफादार कोण, असं विचारायचं आणि हात मोजायचे. हात वर तो वफादार, खाली तो मुखालिफ, म्हणजे विरोधक. शेजारी बंदूकवाला शिपाई उभा असताना वर गेलेल्या हाताला मत म्हणायचं का, हे लिहायला रिपोर्टात जागा नव्हती.

चूक माझीच होती. कोणत्याही गावात आधी पाटील हात वर करतो, मग गाव करतं. पण या गावात पाटील आणि गोविंदराव ही एकाच भावकीतली दोन घरं. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून दोन पिढ्या बोलणं बंद. पाटलाचा हात आधी गेल्यावर गोविंदरावांचा जाणं शक्यच नव्हतं. मला हे माहीत होतं. तरी मी नाव लिहून मोकळा झालो, कारण मला जेवायला घरी पोचायचं होतं. पोलिसांनी नेलेली माणसं कशी होऊन परत येतात, हे मी पाहिलं होतं. साहेबांसमोर उभा असताना माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. गोविंदराव मोट हाकत होते.

“गोविंदराव, सरकारच्या विरोधात आहात का?”

“न्हाई बा. सरकारनं माझं काय घेतलं?”

“मग हात का वर केला नाही?”

“पाटलानं केल्ता ना. त्याच्या मागून मी कसा करू?”

“पोलीस येतील.”

“येऊ द्या. पर पाटलाच्या मागून हात? बिलकुल न्हाई.”

मी पुन्हा चावडी भरवली. या खेपेला गोविंदरावांना आधी विचारलं. हात लगेच वर. मग पाटलाकडे पाहिलं. पाटील पागोटं सारखं करत होते. पागोटं झालं, हात मांडीवर आला आणि तिथेच राहिला. मागे अख्खं गाव मांडीवर हात ठेवून बसलं. एक वफादार, बाकी सगळे मुखालिफ. हा हिशेब वर गेला असता तर गावात पलटण आली असती आणि तिच्याआधी माझी नोकरी गेली असती.

“दोघं एकदम करा की,” पटवारी म्हणाला.

मी एक, दोन, तीन म्हटलं. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत बसले.

शेवटी पितळी ताट मागवलं. पटवाऱ्याच्या घरून, कारण पाटलाच्या घरचं आणलं असतं तर नवी भानगड. ताट कोऱ्या कागदावर पालथं घालून भोवती रेघ ओढली आणि ताट उचलून मधे ‘आम्ही सरकारशी वफादार’ असं लिहिलं. गोलाला पहिलं नाही, शेवटचं नाही. दोघांना समोरासमोर बसवलं. पाटलाचा अंगठा मी धरला, गोविंदरावांचा पटवाऱ्याने, आणि दोन्ही एकाच वेळी टेकवले. मग गावाने गोल भरून काढला.

साहेबांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

“ये क्या है?”

“गावाची रीत आहे, साहेब.”

“मुखालिफ कितने?”

“एकही नाही. पहिला रिपोर्ट चुकीचा होता. तो फाडावा, ही विनंती.”

त्यांनी तो माझ्यासमोर फाडला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वर्षाच्या आत संस्थान हिंदुस्थानात आलं. त्या गावी झेंडावंदन ठरलं. निजामाच्या विरोधात गेलेला कुणी गावात असेल तर झेंडा त्याच्या हातून लावा, असं नव्या साहेबांनी कळवलं. सकाळीच गोविंदराव माझ्या दारात हजर.

“सारा गाव हात वर करून राह्यल्ता, तवा माझा एकट्याचा खाली व्हता. तो कागद काढा, जल्दी.”

“तो फाडला, गोविंदराव. तुमच्यासाठीच फाडून घेतला.”

ते ओट्यावर बसले.

“मंग आता काय हाय तुमच्याकडं?”

“अंगठ्यांचा कागद. त्यात तुम्ही वफादार आहात.”

पुरावा कुणाचाच नव्हता, म्हणून झेंडा रिवाजाप्रमाणे पाटलाने लावला. गोविंदराव त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी त्यांचा जीव वाचवला, हे त्यांना मान्य होतं. पण त्याबद्दल ते मला माफ करायला तयार नव्हते.

नोकरीत नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगतो, माणूस जरूर वाचवा, पण कागद फाडण्याआधी एक नक्कल ठेवा.