अण्णांचं फ्रान्समधलं निधन

माझे सासरे गेल्या वर्षी फ्रान्समध्ये वारले. सध्या ते चिपळूणला असतात आणि त्यांची तब्येत उत्तम आहे.

हे कसं झालं ते मीच सांगितलेलं बरं. कारण बहारीनच्या मराठी मंडळींत या गोष्टीच्या ज्या आवृत्त्या फिरतायत, त्यातल्या एकीत मी सासऱ्यांना तलावात ढकललंय! तसलं काहीही झालेलं नाही. मी फक्त फ्रेंच बोललो.

आम्ही राहतो बहारीनमध्ये, बुसैतीनला. मी मीना सलमान बंदरावरच्या एका कंपनीत एसीची कामं बघणारा इंजिनिअर. (इथे डॉक्टरनंतर मान आम्हालाच. ऑगस्टमध्ये डॉक्टरच्या आधी!) माझी बायको सुनंदा, आणि अण्णा म्हणजे तिचे वडील. एसटीचा डेपो सांभाळून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना चिपळूणहून काही महिन्यांसाठी आमच्याकडे घेऊन आलो. माणूस खंबीर, रडणं-बिडणं नाही. फक्त झोप उडाली होती. कधीही बघावं तर अण्णा बाल्कनीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या न्याहाळतायत. "दुपारचे जरा पडा," म्हटलं की "पडतो" म्हणायचे, आणि पडल्या पडल्या छताकडे बघत राहायचे. सुनंदा दारातून ते बघायची आणि स्वयंपाकघरात जायची.

अशात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आमची मुलगी मुग्धा पॅरिसला नोकरी करते. इथल्या इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिचा फोन आला, "बाबा, आय हॅव बुक्ड यू अ कॅसल!"

बोर्दोच्या बाजूला, वाइनच्या द्राक्षांच्या मळ्यांत, बुरुजांचा एक जुना राजवाडा. आता त्याचं पंचतारांकित हॉटेल केलंय. राहणं, जेवणं, सुनंदासाठी द्राक्षांच्या बियांची मालिश, सगळं लेकीकडून भेट.

"अँड टेक आजोबा. ही नीड्स अ चेंज."

म्हणजे लग्नाच्या रौप्यमहोत्सवी सहलीला सासरे बरोबर! (खऱ्या मधुचंद्राला महाबळेश्वरला माझी आत्या आली होती, त्यामुळे मला सवय होती.)

मी तयारीला लागलो. कामावर जाताना गाडीत फ्रेंचचे धडे लावायचे आणि मोठ्यानं म्हणायचे. एकदा सिग्नलला काच उघडी राहिली आणि मी कळवळून 'मी फार दमलोय' हे वाक्य फ्रेंचमध्ये घोकत होतो. शेजारच्या गाडीतल्या बहारीनी गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सदीक, मफी मुश्किल?" सगळं ठीक आहे ना? मला वाटलं, वा! भाव पोचतोय.

"अहो, तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं," सुनंदा म्हणाली.

"येत असेल. पण त्यांच्या भाषेत बोललं की माणसं जवळ येतात."

(आली. गळ्यात पडण्याइतकी जवळ आली!)

राजवाडा बघून सुनंदानं आधी मुग्धाला फोटो पाठवला. समोर तलाव, त्यात हंस, मागे टेकडीपर्यंत द्राक्षांच्या वेली. अण्णांनी अंगणावरून एक व्यावसायिक नजर फिरवली आणि म्हणाले, "अख्खा डेपो बसेल इथे. वर्कशॉपसकट."

मालिशवाल्या बाई सुनंदाला न्यायला उभ्याच होत्या. जाता जाता ती मला म्हणाली, "माझा फोन तिथे बंद असणार. अण्णा रात्रभर जागे आहेत. त्यांना खोलीत नेऊन निजवा. एवढं एकच काम आहे तुम्हाला."

"अगं, त्यात काय!"

स्वागतकक्षात क्लेअर नावाची गोड मुलगी होती. तिनं सुरेख इंग्रजीत स्वागत केलं. मी ते धुडकावून फ्रेंचमध्ये विचारलं, आमची खोली कुठे? तिला कौतुक वाटलं. तीही फ्रेंचमध्ये म्हणाली, जिना चढून 'तू द्र्वा'.

आता फ्रेंचमध्ये 'तू द्र्वा' म्हणजे सरळ, आणि 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे. हे मला आज माहीत आहे.

"अण्णा, तुम्ही जिना चढून उजवीकडे जा. दार उघडंच असेल. मी गाडीतून बॅगा घेऊन आलोच."

अण्णांचा फोनही चार्जिंगला लावायला म्हणून मी माझ्याच खिशात टाकला. (नियोजन म्हणजे नियोजन!)

बॅगा मात्र हॉटेलच्या माणसानं माझ्या हातातून काढून घेतल्या आणि तो मला थेट खोलीत घेऊन गेला. खोली प्रशस्त, खिडकीत मळे, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. अण्णा नाहीत.

न्हाणीघरात नाहीत. बाल्कनीत नाहीत. मी पलंगाखालीही बघितलं. (का, ते विचारू नका. माणूस घाबरला की पलंगाखाली बघतोच.) खाली धावलो. बाग बघितली. मळ्यात शिरून "अण्णाऽऽ!" अशी हाक मारली, तर वेलींत काम करणाऱ्या चौघांनी टोप्या हलवून मलाच "आनाऽऽ!" असं उत्तर दिलं. तलावाकाठी गेलो. हंस शांत होते. मला ती शांतता आवडली नाही.

त्यांना ऐकू कमी येतं, भाषा येत नाही, खिशात फोन नाही. आणि सुनंदा कुठल्याही क्षणी बाहेर येईल! मी स्वागतकक्षात घुसलो, टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्या आयुष्यातलं एकमेव निर्दोष फ्रेंच वाक्य उच्चारलं:

"झे पेर्द्यू माँ बो-पेर!"

शब्दशः अर्थ: मी माझे सासरे हरवले. व्याकरण बिनचूक. उच्चार झकास. फक्त फ्रेंच माणूस असं म्हणतो, तेव्हा सासरे वारलेले असतात.

क्लेअरचा चेहरा पडला. "ओ, मस्यो!" म्हणत ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. "कधी?"

"आत्ताच! बॅगा आणायला गेलो तेवढ्यात!"

"आजारी होते?"

"छे हो! स्वतःच्या पायांनी जिना चढून गेले!"

तिचे डोळे भरून आले. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, मग कोन्याक, म्हणजे तिकडची ब्रँडी, दिली. मला वाटलं, पंचतारांकित म्हणतात ते हे! आपल्याकडे कुणी हरवलं तर साधा फॅनही लावत नाहीत.

तेवढ्यात काळ्या कोटातले मॅनेजर आले. छातीवर हात ठेवून, मान झुकवून, अगदी हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "सगळी व्यवस्था आम्ही करू."

"लवकर करा! बायको बाहेर यायच्या आत!"

"मादामना अजून ठाऊक नाही?"

"नाही! आणि कळताही कामा नये!"

मॅनेजरनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग घसा साफ केला. "एक नाजूक प्रश्न. त्यांना इथेच ठेवायचं, की भारतात न्यायचं?"

"इथे कशाला ठेवायचं? भारतातच न्यायचं! रिटर्न तिकीट आहे त्यांचं!"

कुणीतरी संगीत बंद केलं. कुणीतरी माझ्या शेजारी पांढऱ्या लिलीची फुलदाणी आणून ठेवली. एक इंग्रज जोडपं येऊन माझा खांदा थोपटून गेलं. मला भरून आलं. एक म्हातारा जरा दिसेनासा झाला तर केवढी ही माया! फक्त एक गोष्ट खटकत होती. शोधायला कुणीच जात नव्हतं!

आणि मग सुनंदा आली. पांढरा झगा, केसांना पांढरा पंचा, चेहरा नुसता उजळलेला. मी उठेपर्यंत क्लेअर धावली आणि तिला मिठी मारून हुंदका देत म्हणाली, "मादाम, युअर फादर... आय ॲम सो सॉरी."

सुनंदानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग लिलींकडे, मग माझ्याकडे.

"अण्णांना काय झालं?"

"काही नाही, काही नाही! फक्त सापडत..."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. ती मटकन खाली बसली. "आईच्या वेळेला पण मी पोचले नाही हो," ती म्हणाली. "विमान मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं. आणि आज मी इथे, भिंतीपलीकडे, अंगाला बिया चोळून घेत होते."

पंचवीस वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसलो. "सुनंदा, अगं, ते गेलेले नाहीत! हरवलेत! माझ्या हातून हरवलेत!"

"मग हे सगळे रडतायत कशाला?"

हा प्रश्न रास्त होता. मी तो इंग्रजीत मॅनेजरांना विचारला. मॅनेजर म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलंत, ते गेले म्हणून!"

"मी म्हटलं, मी त्यांना हरवलं!"

"मस्यो," ते म्हणाले, "आमच्याकडे माणूस हरवला की तसं म्हणत नाहीत. माणूस कायमचा हरवला की म्हणतात."

क्लेअरनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला. "तुम्ही त्यांना पाठवलं कुठे?"

"तू सांगितलंस तिकडेच. जिना चढून उजवीकडे."

"मी सरळ म्हणाले होते! उजवीकडे तर म्युझियम आहे!"

सुनंदा झग्यातच उठली आणि धावत सुटली. तिच्यामागे क्लेअर, मॅनेजर, मी, आणि कोन्याकची बाटली घेतलेला वेटर.

उजवीकडच्या दालनाच्या टोकाला खुर्ची टाकून एक वयस्क बाई बसल्या होत्या. राजवाड्याच्या मालकीणबाई, त्याच अंगाला राहायच्या. आम्हाला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मागे, जाड दोरी लावून राखलेल्या खोलीत, चार खांबांचा, मखमली छताचा एक पलंग होता. पूर्वी कुणा सरदाराचा. त्या पलंगावर, बाईंची शाल पांघरून, चपला खाली जोडीनं ठेवून, अण्णा घोरत होते. साधंसुधं नाही. घाटात पहिल्या गिअरवर चढणारी गाडी जशी घोरते, तसं!

बाई कुजबुजत्या आवाजात बोलल्या आणि क्लेअर आम्हाला इंग्रजीत सांगत गेली. "मी त्यांना उठवायलाच आले होते. पण चेहरा पाहिला. इतकी झोप साचलेल्या माणसाला कसं उठवायचं? मग खाली निरोप दिला, आज हे दालन बंद. पाहुण्यांना परत पाठवलं आणि इथेच बसले. माझे यजमान असेच घोरायचे. ते गेल्यापासून या घरात कुणाच्या घोरण्याचा आवाज नव्हता."

सुनंदा दारातच जमिनीवर बसली. बापाच्या घोरण्याकडे कान लावून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. अण्णांना कुणीच हाक मारली नाही. मॅनेजरही बूट न वाजवता उभे राहिले.

बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे उघडले. दारात लेक पांढऱ्या कपड्यांत, भोवती काळे कोट, सगळ्यांचे डोळे लाल. ते हळूच उठून बसले आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "जावईबापू, कोण गेलं?"

"कुणी नाही अण्णा!"

"मग ठीक. चहा मिळेल का?"

"पण अण्णा," सुनंदा म्हणाली, "ही दोरी लावलेली दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की! दोरी लावलीय, वर पाटी आहे, म्हणजे रिझर्व्हेशन. मुग्धानं केलं होतं ना?"

तीस वर्षं एसटीत घालवलेल्या माणसाशी यावर वाद घालता येत नाही.

बाकीचे दिवस छान गेले. अण्णा आपल्या खोलीत रोज गाढ झोपले. संध्याकाळी मालकीणबाईंबरोबर तलावाकाठी बसायचे. त्या फ्रेंच बोलायच्या, हे चिपळुणी मराठी. एकदाही गैरसमज झाला नाही. निघताना बाईंनी सुनंदाला जवळ घेतलं आणि क्लेअरकरवी सांगितलं, "वडिलांना पुन्हा पाठवा. एकटे आले तरी चालतील. एकटे ते हरवणार नाहीत."

बहारीनला परतलो तेव्हा विमानतळावर मुकादमभाई न्यायला आले होते. आमचे शेजारी, मूळचे रत्नागिरीचे, अण्णांचे जिगरी दोस्त. मी ट्रॉली ढकलत एकटाच बाहेर आलो.

"या, या! अण्णा दिसत नाहीत ते?"

मी प्रवासानं पेंगुळलेला. म्हटलं, "अण्णा? अण्णा गेले."

मुकादमभाईंच्या हातातली गाडीची चावी खाली पडली. "या अल्ला! कधी?"

"आत्ताच. विमानातून उतरल्या उतरल्या."

"आणि वहिनी?"

"तीही गेली त्यांच्या मागोमाग."

मुकादमभाई माझ्या ट्रॉलीवरच बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागले. बाथरूमहून हात पुसत आलेले अण्णा त्यांच्याजवळ उभे राहिले, तरी त्यांना काही दिसेना. शेवटी अण्णांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मुकादम, कोण गेलं हो?"

फ्रेंच काय, परकी भाषा, चुका व्हायच्याच, असं मी तोवर सगळ्यांना सांगत होतो. आता बहारीनमध्ये मराठी शिकवणारं कुणी असेल तर कृपया कळवा. अगदी बालवर्गापासून चालेल.