निपाणीची वाकळ आणि माझं पोटात दुखणं

दुसऱ्याच्या गावाचा वाढदिवस बघून आपल्या पोटात का दुखावं? मला खरंच सांगता येत नाही. निपाणीनं माझं काहीही बिघडवलेलं नाही, उलट दोन वाट्या हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खायला घातली. तरी परतीच्या गाडीत मी ओठ आवळून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "गाडी लागती काय गं?"

मी कंग्राळीची. बेळगावात एका खासगी शाळेत शिकवते, आमच्या घरातली पहिली पदवीधर. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाचा वर्धापनदिन होता. तेव्हा मी सुचवलं होतं की गावातल्या भिंती रंगवू या. कुठल्या भिंतीवर काय काढायचं याची वही केली, तीन बैठकांना गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चौकात एक भलंमोठं फ्लेक्स लागलं. त्यावर एकवीस चेहरे, त्यात एकही बाई नाही. माझी वही मला न उघडता परत मिळाली.

म्हणून गेल्या महिन्यात फोनवर निपाणीचा निरोप आला तेव्हा मी तो चार वेळा वाचला. वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं, की गावाचा वाढदिवस आहे, जुन्या भिंती रंगणार आहेत आणि घराघरातल्या कापडाची एकच मोठी वाकळ शिवायची आहे. (वाकळ म्हणजे पुण्याकडची गोधडी.) 'निपाणीच्या लेकींनो, कुठंही नांदत असाल तरी आपला तुकडा घेऊन या.'

निरोप अर्थातच माझ्यासाठी नव्हता. आईसाठी होता. आई निपाणीची, पण आजी-आजोबा गेल्यावर मामांनी घर विकलं आणि ते इचलकरंजीला गेले. त्यानंतर आई तिकडे फिरकलेली नाही. मी तिला निरोप वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझं कोण हाय तिथं आता?" आणि म्हशींकडे गेली.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा नकार सोयीचा वाटला. मला निवांत भिंती बघायच्या होत्या, फोटो काढायचे होते. आई असती तर धारेची वेळ झाली म्हणून तीन वाजल्यापासून परत फिरायची घाई केली असती.

शनिवारी सकाळी निघाले. जाणार असाल तर बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून निपाणीपर्यंतचीच साधी लाल गाडी धरा. कर्नाटकातल्या बायकांना आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. वेळ मात्र हाताशी ठेवा, कारण महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे आणि गाडी दर थोड्या अंतरावर सेवा रस्त्यावर उतरते. संकेश्वरला गाडी दहा मिनिटं थांबली. तिथं मी चहा घेतला. पुढं तवंदीचा घाट उतरला की निपाणी आलीच. उतरल्या उतरल्या तंबाखूचा उग्र वास येतो आणि पहिली शिंक तिथंच येते.

आणि मग भिंती दिसल्या.

तंबाखूच्या जुन्या वखारींच्या लांबच लांब भिंती. एका भिंतीवर नुसते हात होते, चाळणी धरलेले, बांगड्यांचे, सुरकुतलेले, एकाला बोटच कमी. दुसरीवर जुना आठवडी बाजार. तिसरीवर शाळेतल्या मुलांनी काढलेल्या गाई, त्यातल्या एका गाईला पाच पाय. कुणी तो पुसला नव्हता. खाली रंगवणाऱ्यांची नावं दोन्ही लिपींत होती, आणि निम्म्याहून जास्त नावं बायकांची. मी खालपासून वरपर्यंत सगळी नावं वाचली. चित्रं माझ्या मनातल्या चित्रांपेक्षा कच्ची होती, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. भिंतींवर होती मात्र ती. माझी अजून वहीतच आहेत.

हे सगळं जमवणारी विद्या माझ्याच वयाची निघाली, चित्रकला शिकवणारी. बोटांची नखं निळी झालेली, आवाज बसलेला. मी विचारलं, "गावाच्या उत्सव समितीनं परवानगी कशी दिली?"

"समितीकडं गेलोच न्हाय आधी," ती म्हणाली. "भिंतवाल्यांच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, तुमची भिंत, काय काढू सांगा. तीन भिंती झाल्यावर समितीच आली, आमाला पण घ्या म्हणून."

मी हसले. हसताना गाल दुखले. मी तीन बैठकांना गेले होते आणि कुणाच्या दारात एकदाही बसले नव्हते.

वाकळ एका शाळेच्या व्हरांड्यात पसरली होती. सत्तर-ऐंशी बायका कडेनं बसून आत-आत शिवत येत होत्या. मी पिशवीतून माझा तुकडा काढला. आदल्या दिवशी बेळगावच्या शहापूर पेठेत जाऊन खास घेतलेला, जांभळ्या खणाचा, नवाकोरा. सगळ्यांत वयस्कर हौसाआक्का होत्या. त्यांनी तो चिमटीत धरला, चोळला आणि माझ्या मांडीवर परत टाकला.

"ह्ये न्हाय चालत गं."

"का? चांगलं कापड आहे."

"म्हणूनच. नवं हाय. पयल्या धुण्यात आकसतंय, मग शेजारच्या चार तुकड्यांस्नी घेऊन गोळा हुतंय. अंगाला लागून लागून मऊ झाल्यालं आण. कुणाची गं तू?"

मी आईचं नाव सांगितलं. सासरचं सांगितलं तर कुणालाच कळेना. मग माहेरचं सांगितलं.

"सुशीची लेक?" हौसाआक्कांची सुई थांबली. "अगं ए, सुशीची लेक आलीया!"

आणि तिथून पुढं माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. म्हणजे सगळ्या बघत होत्या, पण माझ्या चेहऱ्यात आईला शोधत होत्या. "नाक न्हाय तिचं." "हनुवटी बघ की." मी काय शिकले, काय करते, कुणी विचारलं नाही. सांगायला मी आतुर होते.

"ती नकला करती का अजून?" एकीनं विचारलं.

"कसल्या नकला?"

सगळ्या एकदम हसत सुटल्या. आई लग्नाआधी वखारीत कामाला होती, एवढं मला ठाऊक होतं. पण ती दुपारच्या सुट्टीत मुकादमाची नक्कल करायची? बेळगावच्या कंडक्टरची, पाटलीणबाईंची, शिंकणाऱ्या हिशेबनिसाची? एकदा म्हणे मुकादम मागे येऊन उभा राहिला, तरी ही थांबली नाही, आणि शेवटी तोच हसून खाली बसला. हौसाआक्का सांगता सांगता डोळे पुसत होत्या. "सुशी गेली आनी वखार मुकी झाली बघ."

मी पण हसत होते. विद्याचा हेवा मला समजत होता. गावाचा हेवाही समजत होता. आता मला या म्हाताऱ्यांचा हेवा वाटायला लागला. चोवीस वर्षं मी त्या बाईच्या घरात राहते आहे. तिनं माझ्यासमोर एक नक्कल केलेली नाही. आमच्या घरातली आई पाच वाजता उठते, धारा काढते, भाकऱ्या थापते आणि कमी बोलते. माझ्या शाळेच्या फॉर्मवर मी दरवर्षी तिच्या नावापुढं 'गृहिणी' लिहिलं आणि तिच्याबद्दलचं सगळं लिहून झालं असं समजले.

मग हौसाआक्कांनी वाकळेच्या मधोमध हात ठेवला. तिथं वीतभर जागा मोकळी होती.

"ह्यी तिची. आमच्या गल्लीनं ठेवलीया. उद्या दुपारी शेवटचा दोरा घालायचा, सांच्याला वाकळ बाजारात टांगायची. तिला म्हणावं, तुझं तू शिव. दुसरं कोन न्हाय शिवणार."

"आणि ती नाही आली तर?"

"तर भोक राहील," त्या म्हणाल्या आणि दात नसलेलं तोंड उघडून हसल्या.

जेवण छान होतं. झुणका, भाकरी, वांग्याची भाजी आणि गुळाची हुग्गी, पंगतीत, सगळ्यांना फुकट. मला चव लागली नाही, त्यात वाढणाऱ्यांचा दोष नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं, नकलांचं सोडून. ते का गाळलं कुणास ठाऊक.

"हौसाआक्का हाय व्हय अजून?" एवढंच ती म्हणाली. आणि तिनं भाकरी उलटली.

"मी त्या दिवशी तुला नीट विचारलंच नाही," मी म्हणाले.

"एकदा इचारलंस." तिनं तव्यावरून नजर काढली नाही. "परत इचारशील म्हणून वाट बघत बसलोतो मी."

आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "जाऊ दे की तिला. म्हशी काय दावं तोडून निपाणीला जात न्हाईत."

"धार कोण काढंल?"

"मी काढते," मी म्हणाले.

"लाथ मारंल तुला ती."

"मारू दे."

तिनं रात्रीच ट्रंक उघडली. काहीतरी काढलं, घडी घातली, पिशवीत तळाशी ठेवलं. काय ते मी विचारलं नाही.

जाणार असाल तर वाकळ महिनाभर बाजारात टांगलेली असेल. सकाळचं ऊन तिच्यावर समोरून येईल, तेव्हा जा. भिंती पायी बघा, दोन तास पुरतात. पाच पायांची गाय चुकवू नका.

वाकळ टांगली जाताना मी स्वतः बघणार नाही. हे लिहितेय तेव्हा रविवारची दुपार आहे, पहाटेच्या धारेला लाथ खाल्लेल्या माझ्या नडगीवर हळद लावलेली आहे, आणि आई निपाणीत आहे. सकाळी बसस्थानकावर ती म्हणाली, "तू पण चल की." मला जायचं होतं. तिची एक तरी नक्कल ऐकायला मी काहीही दिलं असतं. पण मी शेजारी बसले असते तर तिथं माझी आई बसली असती, आणि त्या बायकांना सुशी हवी होती. मी तिला खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला निपाणी आली की सांगा म्हणाले, आणि गाडीतून खाली उतरले.